तायडे भाऊंच्या घड्याळाची आंघोळ

दर रविवारी सकाळी नऊच्या सुमारास आमचे शेजारी तायडे भाऊ कमरेचा पट्टा काढतात, बोटातली अंगठी काढतात, बटणांचा शर्ट काढून बनियनवर येतात, कोपरापर्यंत हात धुतात आणि व्हरांड्यात मांडी घालून बसतात. पुढ्यात चार घड्या केलेली वाकळ. वाकळीवर उथळ वाटी, वाटीत कोमट पाणी, पाण्यात तान्ह्या बाळाच्या शॅम्पूचे दोन थेंब. बाजूला बाळाचाच मऊ ब्रश आणि धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं धोतराचं फडकं.

भाऊ अमरावतीत आमच्या शेजारी राहायला आले त्याच्या पहिल्याच रविवारी मी कुंपणाच्या भिंतीवरून हा सगळा थाट पाहिला आणि आनंदानं विचारलं, "नात का नातू?"

भाऊंनी मान वर केली नाही. "घड्याळ आहे वैनी," म्हणाले. "बोलू नोका जरा. पाण्याचं काम सुरू आहे."

हा माणूस पाटबंधारे खात्यात इंजिनीयर होता. आयुष्यभर धरणाची दारं उघडली आणि बंद केली. आणि आता वाटीभर पाण्यासमोर असा बसलेला, की जणू पूर येणार आहे.

घड्याळही तसंच होतं म्हणा. भाऊंची एकुलती एक लेक पल्लवी पुण्याला मोठ्या नोकरीत आहे, तिनं बापाच्या निवृत्तीला दिलेलं, थेट स्वित्झर्लंडचं. याला सेल लागत नाही, हात हलला की ते चालतं. पण भाऊ ते घालून बाहेर कुठंच जात नाहीत. भाजीला, बँकेत, विहारात जाताना हातात आठवडी बाजारातलं रबरी पट्ट्याचं घड्याळ. मग हे बंद पडू नये म्हणून रोज संध्याकाळी ते मनगटावर चढवून घरातल्या घरात फेऱ्या मारतात. बाळाला आंघोळ, बाळाला फिरवणं, सगळं रीतसर.

आंघोळीचेही कायदे आहेत. आधी बाजूची चावी नीट आत बसली आहे का पाहायचं, नाहीतर पाणी पोटात जातं. वाकळ अशासाठी, की घड्याळ हातातून निसटलं तरी मऊ जागी पडावं. ब्रश नुसता फिरवायचा, जोर द्यायचा नाही. पट्ट्याच्या कड्यांमधला घामाचा मळ भिजून आपोआप निघू द्यायचा. मग स्वच्छ पाणी. आणि शेवटी फडक्यानं पुसायचं नाही. इथं भाऊंचं ब्रह्मवाक्य येतं: "घासाचं नाही, टिपाचं."

"धुळीचा एक कण असते वैनी, डोयाले दिसत नाही. घासलं का थोच कण चरा पाडते. टिपलं का उचलल्या जाते."

एकदा मोबाईलवर कुणीतरी घड्याळाला टूथपेस्ट फासताना दिसलं. भाऊ तो व्हिडिओ घेऊन भिंतीपाशी आले. अर्धा तास अस्वस्थ. "पाहा, पाहा. हा घड्याळाचे दात घासून राहिला काय?"

हे वाक्य त्यांनी पुढं सगळीकडं वापरायला काढलं. माझा नातू सायकलवरून पडला, मी त्याचा गुडघा धुवायला घेतला तर भिंतीपलीकडून आवाज: "घासाचं नाही वैनी!" दूध उतू गेलं, शेगडी पुसायला घेतली, तरी तेच. एकदा सुनेशी माझी जरा जुंपली. दुपारी भाऊ कढीपत्ता द्यायच्या निमित्तानं आले आणि जाता जाता म्हणाले, "सूनबाईचं बोलणं बी घासाचं नाही. टिपाचं आन सोडून द्याचं." मला राग आला. संध्याकाळपर्यंत पटलंही. पण ते सुनेला सांगितलं नाही, तेवढा माझा मान मी राखून आहे.

सगळ्यात कडक कायदा बांगड्यांचा. बांगड्यांच्या हाताला घड्याळाच्या आसपास सक्त मनाई. शिवाय माझ्या बांगडीत नेहमी दोन सेफ्टी पिना अडकवलेल्या असतात, आपल्या सगळ्याच बायकांच्या असतात. मी चहा द्यायला गेले की भाऊ दुरूनच हात करायचे, "कप भिंतीवर ठेवा. आन थ्या पिना आधी काढा." पिनांचं नाव काढलं की चेहरा असा व्हायचा, जशी मी हातात साप घेऊन आले आहे. मी मुद्दाम बांगड्या वाजवत जायची. म्हाताऱ्या बाईला एवढी तरी करमणूक हवी.

हसत होते खरी, पण आतून मला थोडी लाज वाटायची. कारण आयुष्यात मी एकच घड्याळ साफ केलं आहे, आणि ते कसं, हे भाऊंना कळलं असतं तर त्यांनी शेजार सोडला असता.

माझं लग्न झालं तेव्हा माझ्या वडिलांनी अकोल्याहून जावयासाठी सोनेरी मुलाम्याचं घड्याळ आणलं होतं. आमचे हे मूर्तिजापूरला रेल्वेत तिकीट खिडकीवर होते. मी वीस वर्षांची, दिसायला बेताची, अकलेनं त्याहून बेताची, पण भांडी घासण्यात तालुक्यात कुणाला ऐकणार नाही असा तोरा. सासरी पाणी भरायचे पितळेचे गुंड मी असे लखलखवले, की सासूबाईंनी शेजारणींना बोलावून दाखवले. झालं, मी हवेत. सहा महिन्यांनी ह्यांच्या घड्याळाच्या मागं हिरवट मळ दिसला. हे अंघोळीला गेले होते. मी म्हटलं, नवऱ्याला चकित करू. चिंच घेतली, राख घेतली, नारळाची शेंडी घेतली आणि घड्याळ गुंडासारखं घासलं. पुढून, मागून, काचेवरून. हात दुखेपर्यंत.

सोनं चुलीच्या राखेत गेलं. आतून पांढरं पत्र्यासारखं काहीतरी निघालं. काच अशी झाली, की आत पौषातलं धुकं. वरून मी खोबरेल तेलाचा हात फिरवला, भांड्याला फिरवतात तसा.

हे बाहेर आले. घड्याळ हातात घेतलं. खिडकीकडं तिरपं धरलं, पुन्हा तिरपं धरलं. मग म्हणाले, "मस्त. चकाकून राहिलं."

आणि मी ते खरं मानलं! दोन महिने आळीभर सांगत फिरले, की ह्यांचं घड्याळ मी नव्यापेक्षा नवं केलं. मूर्खपणाला पदर असता तर मी तो डोक्यावरून घेतला असता. माहेरी गेले तेव्हा वडिलांनी जावयाचं मनगट पाहिलं आणि माझ्याकडं पाहिलं, तेव्हा उजेड पडला.

ह्यांनी ते तसंच घड्याळ म्हातारपणापर्यंत वापरलं. भाऊ शेजारी आले तेव्हा हे होते. भाऊंनी त्या बोडक्या घड्याळाकडं पाहून कळवळून विचारलं होतं, "भाऊसाहेब, याले काय झालं?" हे म्हणाले, "ऊन लागलं." एवढंच. मी तिथंच उभी होते, माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. दोन वर्षांपूर्वी हे गेले. घड्याळ माझ्या कपाटात आहे.

तर आता परवाची गोष्ट. पल्लवी चार दिवसांसाठी आली होती. दोन घरं ऐकतील अशा आवाजात तिनं जाहीर केलं, "बाबा, सोमवारी जाताना घड्याळ घेऊन जाते. नागपूरला सर्व्हिसिंगला देते आणि तिथूनच विमानानं पुण्याला जाते. मशीनवर पॉलिश करतात, एक चरा राहत नाही. शोरूममधून आणल्यासारखं होतं."

मला वाटलं, भाऊंना स्वर्ग दोन बोटं उरला. पण शनिवारी दुपारी भाऊ मागच्या दारानं आमच्या स्वयंपाकघरात आले. चेहरा उतरलेला. हातात स्टीलचा डबा.

"वैनी, हे सोमवारपर्यंत तुमच्याकडं ठेवा. पल्लवीले सांगू नोका."

"चोरीचा माल आहे का हो?"

"माहाच आहे," म्हणाले. हसले नाहीत.

मी डबा उघडला. फडक्यात गुंडाळलेलं घड्याळ. इतक्या वर्षांत पहिल्यांदा जवळून पाहत होते, म्हणून उलटंपालटं केलं. पट्ट्याच्या खटक्यावर बोट अडकलं. चरा होता. बारीक नाही, चांगला खोल, वाकडा, अर्ध्या बोटाएवढा. मी म्हाताऱ्या मांजरीसारखी टपलेलीच.

"अहो भाऊ! एवढी टिपाटिपी करून शेवटी चरा पडलाच की! मग द्या ना पल्लवीकडं, मशीनवर निघून जाईल."

"थ्याच्यासाठीच तं लपवून राहिलो," भाऊ म्हणाले आणि माझ्या पाटावर बसले.

निवृत्तीचा कार्यक्रम धारणीला होता, भाऊंची शेवटची नेमणूक तिथली. मंडपात सगळा स्टाफ, पाहुणे. पल्लवीनं घड्याळ आईच्या हाती दिलं, म्हणाली, आई, तू बांध. भाऊंच्या मिसेस, कमलताई, मी फोटोतच पाहिलेल्या, दवाखान्यात नर्स होत्या. हजारो हातांत सलाईन लावलेली बाई, पण हा खटका काही उघडेना. लोक पाहत होते. त्यांनी बांगडीतली सेफ्टी पिन काढली आणि खटक्यात घातली, पेटीचं कुलूप उघडावं तशी.

"करर्र झालं वैनी. आन मी वरडलो, 'अक्कल हाये का तुले?' माईक समोरच होता. साऱ्या मंडपानं ऐकलं."

"त्या काय म्हणाल्या?"

"हसली. लोकाईकडं पाहून हसली. घरी आल्यावर म्हणे, 'मले शिकवा ना, कसं उघडते थे.' मी म्हटलं, तू हातच लावू नोको." भाऊ फडक्याची घडी उलगडत होते, पुन्हा घालत होते. "नाही लावला मंग. सहा महिन्यांनी गेली. घड्याळाले तिचा हात लागला थो एवढाच. थेवढी जागा मी कधी घासत नाही. मशीनवाले घासतीन."

मी चेष्टा न करता घड्याळ हळूच डब्यात ठेवलं. असं माझं क्वचित होतं.

"पल्लवीला सांगा," मी म्हटलं.

"तिले काय सांगू? तिनं बी ऐकलं होतं ना थे. माईकवर."

म्हणजे इतकी वर्षं बापलेक त्या एका वाक्याच्या दोन बाजूंना गप्प बसले होते. लेक बिचारी तो चरा पुसून टाकायला निघाली असणार, बापाला आठवण नको म्हणून. आणि बाप तो वाचवायला माझ्या पोह्याच्या डब्याशेजारी डबा लपवत होता.

संध्याकाळी पल्लवी आलीच. "काकू, बाबांचं घड्याळ सापडत नाही. ते काही बोलत पण नाहीत."

खोटं बोलायची माझी तयारी होती, सराव भरपूर आहे. पण मी म्हटलं, "घड्याळ माझ्याकडं आहे. उद्या रविवार. आधी त्याला आंघोळ घालायला शीक, मग हवं तिथं ने."

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता व्हरांड्यात दोघं. मी भिंतीवर कोपर टेकून, हातात तांदळाचं ताट घेऊन. तांदूळ आधीच निवडलेले होते, ते कुणाला कळायचं कारण नव्हतं. पल्लवीनं अंगठ्या काढल्या, कडं काढलं. भाऊ सांगत होते, "चावी पाहा. हळू. घासाचं नाही." काच झाली, मागची बाजू झाली, पट्टा झाला. ब्रश खटक्यापाशी आला आणि भाऊंनी तिचा हात धरला.

"थे राहू दे."

"का, बाबा?"

भाऊंनी तिच्या हातातला ब्रश घेऊन वाकळीवर ठेवला. मग हळू आवाजात बोलायला लागले. मला ऐकू येत नव्हतं. ऐकू येत नाही असं पाहून मी ताट घेऊन आत गेले, नाहीतर गेले नसते.

थोड्या वेळानं बाहेर आले तर पल्लवी बापाच्या मनगटावर घड्याळ बांधत होती. भाऊ तिला शिकवत होते, खटका कसा उघडतो ते. "अठी दाब. दोन्हीकून. हाव." ती बंद करायची, ते पुन्हा उघडायला लावायचे. चार-पाच वेळा. मंगळवारी मला कळलं, सोमवारी ती नागपूरला गेलीच नाही, इथूनच थेट पुण्याला गेली. आणि भाऊ तेच घड्याळ घालून भाजीला गेले.

या रविवारी मी कपाटातून ह्यांचं घड्याळ काढलं आणि भिंतीशी न थांबता सरळ फाटकातून भाऊंच्या व्हरांड्यात गेले. बांगड्या वाजत होत्या, पिनाही होत्या. भाऊंनी वाकळीशेजारी मला जागा करून दिली.

त्यांनी घड्याळ उलटंपालटं केलं, कानाशी नेलं. "याले पाणी चालाचं नाही. कोरडंच करा लागते." मग कोरडं फडकं घेऊन अर्धा तास टिपत बसले. राखेचे चरे जसेच्या तसे, काचेतलं धुकं जसंच्या तसं. मीच केलेलं, मला पाठ आहे.

"कसं काय दिसतंय?" मी विचारलं.

भाऊंनी घड्याळ उजेडाकडं तिरपं धरलं. पुन्हा एकदा तिरपं धरलं.

"मस्त," म्हणाले. "चकाकून राहिलं."

ह्यांचं ते वाक्य मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. मी घड्याळ पदराखाली घेतलं आणि घरी आले. या खेपेला आळीत कुणाला सांगितलं नाही.