सुखदेवकाकांची जीप आणि माझं लग्न

सुखदेवकाका जीप सुरू करण्याआधी तिच्या बॉनेटवर तळहात ठेवून ताप बघत. मग हॉर्न दाबत, मग दिवे लावत आणि शेवटी सेल्फ मारत. आतून 'कट्' असा एकच आवाज येई. काका खाली उतरत आणि जाहीर करत, "करंट हाय, पन मन नाई."

आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेल्याजवळच्या आमच्या गावातली ती एकुलती एक जीप. एका कंत्राटदाराला नकोशी झालेली, काकांनी हौसेनं घेतलेली. काका माझ्या नात्यातले नव्हेत, साऱ्या गावाचेच काका; कापूस पिकवत आणि घरात एकटेच राहत. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. जीपचं हातानं फिरवायचं हँडल त्यांनी गोठ्यात खुंटा म्हणून ठोकलं होतं. त्यामुळे सेल्फ रुसला की बैलजोडी आलीच. बैल पुढून ओढत, मी मागून ढकलत असे आणि काका ऐटीत स्टिअरिंग धरून बसत. "बैलायले बी वाटलं पायजे ना, आपून जीप चालवतो," असं त्यांचं म्हणणं. माझ्याबद्दल काही म्हणणं नव्हतं.

मी गावच्या शाळेत मास्तर, आठवीला वीज शिकवणारा. जीपचा आजार बरा करणं हे आपलं कर्तव्य आहे असा माझा समज होता, आणि काकांनी तो कधी मोडला नाही. फळ्यावर बॅटरी-डायनमोचं सर्किट मला डोळे मिटून काढता येई. डोळे उघडून जीपखाली शिरलो की मात्र सगळ्या वायरी सारख्याच काळ्या दिसत. मी टर्मिनलवर गरम पाणी ओतलं. डायनमोचा पट्टा बदलायला लावला. मग 'शॉर्ट' शोधता शोधता अशी काही जोडणी केली, की हॉर्न दाबला की वायपर हलू लागला. काकांनी तक्रार केली नाही. रस्त्यात म्हैस आडवी आली की ते वायपर हलवत. "म्हशीले समजते," म्हणत.

आदिलाबादच्या मेकॅनिकनं बॅटरी तपासून "बागाने उंदि" असा निकाल दिला. चांगलीच आहे म्हणे! संध्याकाळी चांगली आणि सकाळी मेलेली, असं कसं? मला तर ती साऱ्या विज्ञानापुढचीच अडचण वाटू लागली.

खरी अडचण माझ्या लग्नाची होती. माझ्यासाठी गुडीहत्नूरचं स्थळ काकांनीच शोधलं होतं आणि जायचं ते जीपनंच, असा त्यांचा हट्ट होता. "मास्तर बसनं गेला तं पोरीच्या बापाले काय वाटन?" पहिल्या खेपेला आम्ही पोचलो तेव्हा पोहे संपून मुलीकडची मंडळी आडवी झाली होती. मुलीनं चहा आणला, माझ्या शर्टावरचं ग्रीस बघून ती खुदकन हसली, आणि तेव्हापासून मला दुसरी मुलगी बघायचीच नव्हती. दुसऱ्या खेपेला आम्ही पोचलोच नाही. तिच्या वडिलांचा निरोप आला : रविवारी दहाच्या आत या, नाहीतर येऊच नका, दुसरं स्थळ तयार आहे.

त्या रविवारी उजाडता उजाडता मी काकांकडे गेलो. जीप घरामागे नाल्याकडे तोंड करून उभी असे. बघतो तर तिचा पुढचा दिवा लागलेला. लालसर, विझत आलेला. काका घाईघाईनं बटन बंद करत होते.

"काका, दिवा काऊन चालू? रातभर?"

"राहून गेला," काका माझ्याकडे न बघता म्हणाले.

"रोज राहून जाते?"

मी दिव्याच्या रोखानं पाहिलं. समोर नाल्यावरचा तो बिनकठड्याचा अरुंद पूल होता. खात्याच्या तेलुगूच्या परीक्षेसाठी मी शाळा सुटल्यावर आदिलाबादला शिकवणीला जात असे आणि शेवटच्या बसनं परतून त्या पुलावरूनच माझ्या खोलीवर येत असे. गावात लाईट नसली तरी पुलावर थोडा उजेड असायचा. मी मनातल्या मनात वीज खात्याचे आभार मानायचो. लाईट नसताना एकच दिवा कसा लागतो, हा प्रश्न आठवीला वीज शिकवणाऱ्या या गृहस्थाला कधी पडला नव्हता.

"तुले चष्मा लावून बी धड दिसत नाई, मास्तर," काका म्हणाले. "नाल्यात गेला असता तं?"

"मंग सांगाचं ना! मी कंदील नेला असता."

"म्हनूनच नाई सांगतलं." त्यांनी बैलांचा दोर उचलला. "तू कंदील नेला असता तं मी कोनाची वाट पायली असती? दिवा लावला की वाटते, घरचं कोनी याचं हाय. तू पूल वलांडला की डोया लागते. मंग बटन तसंच राह्यते."

मी उगाच चष्मा पुसत राहिलो.

"लगन झालं की तुही बायको उभी राहीन कंदील घेऊन," काका जीपला दोर बांधत म्हणाले. "मंग पाय, रोज सुरू होते का नाई जीप." आणि ते हसले. त्यांच्याबरोबर हसणं मला काही जमलं नाही. आज राहू द्या काका, असं अगदी ओठांवर आलं होतं.

पण काका केव्हाच स्टिअरिंगवर जाऊन बसले होते. त्यांनी बैलांना हाक दिली. मी मागून खांदा लावला. जीप दोन आचके देऊन धडधडू लागली.

"बस लवकर, मास्तर," काका ओरडले, "तिकडं पोरगी वाट पाहून राह्यली असन."