दिगूकाकाजींचा बारावा मृत्यू

दिगूकाकाजींच्या बैठकीत पहिल्यांदा येणारा माणूस दारातच अडखळायचा. समोरच्या भिंतीवर हार घातलेले अकरा फोटो होते, आणि अकराही फोटोंत खुद्द काकाजीच होते. एकात डॉक्टर, एकात न्यायाधीश, एकात मौलवी, एकात पोस्टमन. खालच्या खुर्चीत तेच काकाजी बनियनवर बसून खेकसायचे, "काहून उभे राहिले? बसा न. मेलो तं मी आहो, तुमाले काय झालं?"

टीव्हीच्या मालिकेत पात्र मेलं की त्याच्या घराच्या भिंतीवर टांगायला एक फोटो तयार करतात. घरच्यांचं रडणं चार भागांत आटपतं आणि फोटो अडगळीत जातो. काकाजी तो भांडून मागून घ्यायचे आणि अकोल्यापर्यंत मांडीवर ठेवून आणायचे. "माही मयत आहे, मीच उचलीन," म्हणायचे.

आम्ही जठारपेठेत त्यांच्या शेजारी राहायचो. राज्यात एकच सरकारी वाहिनी होती तेव्हापासून ते टीव्हीवर होते. पंचवीस वर्षांत नायक कधीच नाही. ऑपरेशनच्या खोलीतून चष्मा काढत बाहेर येणारे डॉक्टर ते. लग्न लावणारे गुरुजी ते, तेच लग्न मोडणारे वकीलही ते. मुका माळी त्यांनी असा केला होता की आमच्या गल्लीत एक बाई त्यांच्याशी महिनाभर हातवारे करून बोलत होती. त्याचाही त्यांना राग आला. "बाई, मले ऐकू येते! मुका होतो, बहिरा नोतो!"

काकाजी रागावलेले नाहीत असा क्षण मला आठवत नाही. महिन्यातले दहा दिवस ते मुंबईला जात आणि शूटिंग संपलं की लगेच परत येत. तिथेच का राहत नाही, असं माझ्या वकील बाबांनी एकदा विचारलं. ते म्हणाले, "तिथं कोनावर वरडलं तं लोक सॉरी म्हणते वकीलसाहेब. मजा नाई येत." लग्न केलेलं नव्हतं. घरात एक पितळी पिंप, दोन खुर्च्या आणि ते अकरा जण.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "याले अभिनय म्हनते का?" हे मालिकेतल्या सहकाऱ्यांपुरतं नव्हतं. भाव पाडून मागितल्यावर कळवळणारा संत्रीवाला, वरातीत नाचणारा नवरदेवाचा मामा, चार दिवसांआड येणारं नळाचं पाणी, सगळ्यांना तीच फूटपट्टी. त्या वर्षांत कापसाच्या पट्ट्यातून रोज वाईट बातम्या येत होत्या, आणि बातम्यांमागून गाड्यांचे ताफे. एका पुढाऱ्याने मूर्तिजापूरच्या बाजूला कॅमेऱ्यासमोर रुमाल डोळ्यांना लावला. काकाजी आमच्या टीव्हीसमोर उभे होते. "पाय, पाय! रुमालाची घडी मोडली नाई अजून! डोये कोरडे! याले अभिनय म्हनते का? अबे, माह्याकडं ये, शिकवतो तुले!" आईने आवाज कमी केला. टीव्हीचा, काकाजींचा कोणालाच करता यायचा नाही.

एकदा बातम्यांची एक गाडी गल्लीतच आली. त्यांना शेतकऱ्यासारखा दिसणारा माणूस हवा होता. पटका बांधून दोन शब्द बोला, म्हणाले. काकाजींनी त्यांना कोपऱ्यापर्यंत पिटाळलं. परत येताना धापा टाकत म्हणाले, "माहा चेहरा शेतकऱ्याचा हाय म्हने. काल मी हायकोर्टाचा जज होतो!"

माझा आणि त्यांचा संबंध आला तो कागदांमुळे. मालिकेची पानं मुंबईहून ईमेलने येत. वाक्यं मराठी, पण टाईप केलेली इंग्रजी अक्षरांत. सगळीकडे तशीच पद्धत होती. काकाजींना इंग्रजी अक्षरं येत होती, पण त्यांतून मराठी वाचायला लागलं की त्यांच्या कपाळावरची शीर उडायची. "आपल्याच भाषेत लिहाले यायले काय लाज वाटते? ज्यानं लिहिलं त्याले बाराखडी येते का? त्याच्या बापाले येत होती का?" एक दिवस ते ती पानं घेऊन आमच्याकडे आले आणि आईला म्हणाले, "तुमची पोरगी इंग्रजी शाळेतली आहे न? तिले वाचू द्या. तिले तसंच वाचायची सवय असन."

मला खरंच सवय होती, आणि त्याची लाजही वाटायची. मी तेव्हा कॉलेजात होते आणि फारशी कोणाशी बोलत नसे. शाळेत इंग्रजी, घरी आईची पुणेरी मराठी, गल्लीत वऱ्हाडी. तिन्ही ठिकाणी मी तोंड उघडलं की कोणीतरी हसायचं. काकाजी हसले नाहीत. ओरडले. "मॅडम, तू बातम्या देऊन राहिली का?" पण थोड्या वेळाने म्हणाले, "राहू दे. असंच वाच. तुह्या वाचण्यात कायीच नाई, तेच बरं हाय. माह्या मनानं भरता येते." तेव्हापासून सायबर कॅफेतून पानं छापून आणणं आणि त्यांना वाचून दाखवणं हे माझं काम झालं. एकदा वाचलं की त्यांचं पाठ व्हायचं.

त्यांच्या रागाचा मोठा वाटा लोडशेडिंगने घेतला होता. मालिका साडेसातला लागायची आणि बरोबर सातला वीज जायची. सगळं राज्य काकाजींना बघायचं, फक्त त्यांचं अकोला अंधारात बसायचं. मग त्यांनीच तोड काढली. कंदील घेऊन ते स्वतःच्या ओट्यावर उभे राहायचे आणि हुकलेला भाग करून दाखवायचे. सासू तेच, सून तेच, सुनेच्या हातून पडणारा कपबशीचा ट्रेही तेच. मधूनच थांबून लेखकाला शिव्या, वीजवाल्यांना शिव्या, पुन्हा सून.

त्या ओट्यासमोर त्यांना भिणारे सगळे होते, एक रुखमामावशी सोडून. मावशी शेवया, कुरड्या करून विकायच्या. घरी टीव्ही नव्हता. लाईट असली की शेजारच्या व्हरांड्यात बसून बघायच्या, नसली की ओट्यासमोर पहिल्या रांगेत. आणि प्रश्न विचारायच्या.

"मंग ते सून काहून नाई बोलली?"

"तिले डायलाग नाई दिला, मावशी!"

"तं तू दे न. तुह्या तोंडाले काय झालं?"

काकाजी चडफडायचे, आणि सुनेला एक वाक्य द्यायचे.

मावशी मूळच्या दर्यापूरकडच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या एकुलत्या एक मुलाने शेतातल्या खोपटात गळफास घेतला. त्या घराला कुलूप लावून इकडे आल्या. गल्लीत हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्यासमोर कोणी कधी विषय काढला नाही. त्यांनीही नाही.

मी पानं वाचून दाखवायला लागले त्याच वर्षी काकाजींना शामराव मिळाला. नायिकेचा वऱ्हाडातला बाप, कापूस पिकवणारा, लेकीच्या पुण्याच्या सासरी येऊन राहिलेला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच पात्राला नाव-आडनाव होतं. मालिकेला तो हसवायला हवा होता. त्याने चहा बशीत ओतावा आणि सगळ्यांनी खिदळावं. काकाजी दर वेळी भांडले. चहा बशीत ओतला, पण असा ओतला की हसणाऱ्या विहिणीनेच मान खाली घातली. लोकांना शामराव आवडला. भाजीबाजारात बायका त्यांना थांबवून लेकीची खुशाली विचारू लागल्या. काकाजी त्यांच्यावर खेकसायचे, पण आठवड्यातून दोनदा दाढी करू लागले.

मग एका दुपारी मी आणलेली पानं वाचायला घेतली. शामराव गावी परततो. पहाट. खोपटाचं दार. लेक दार ढकलते. आढ्याखाली अधांतरी पाय दिसतात.

मी थांबले.

"वाच," काकाजी म्हणाले.

मी वाचलं. पुढे लेकीचं रडणं होतं, मग फोटो, मग हार. ते ओरडले नाहीत. त्यांनी मला फोन लावायला सांगितला.

मुंबईला फोनवर एक बाई होत्या. कथा त्या ठरवायच्या. काकाजींनी सरळ घासाघीस सुरू केली. "बाई, मरतो मी. मराले ना नाई. हार्टअटॅक द्या. साप द्या, चांगला मोठा. ट्रकखाली द्या, मी सोता झोपतो. अकरा डाव मेलो, कधी तक्रार केली? पन हे नाई." पलीकडून काहीतरी आलं. "काहून म्हनजे? नाई म्हनजे नाई!" मग त्यांचा आवाज इतका चढला की बाईंनी फोन दुसऱ्या कोणाकडे द्यायला सांगितलं. म्हणजे माझ्याकडे.

त्या अगदी गोड बोलल्या. माझ्या शाळेत सगळे बोलायचे तशा, अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी. "ॲक्च्युली तुमच्या तिकडे सध्या तेच चाललंय ना? खूप टॉपिकल आहे. लोक रडतील. त्यांना समजाव ना प्लीज. हा सीन केला तर पुढच्या मालिकेतही मी त्यांना घेणार आहे. नाही केला तर आम्ही कोणाचेही पाय दाखवू. पण मग मी त्यांचं नाव कुठेच सुचवू शकणार नाही."

मी काकाजींना शब्दन् शब्द सांगितला. टॉपिकलसुद्धा. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून बघितला. मग म्हणाले, "पाय कोनाचेबी घे म्हन."

मी फोनमध्ये म्हणाले, "ते नाही म्हणतायत." मला पुष्कळ म्हणायचं होतं. आमच्या तिकडे जे चाललंय ते तुम्ही कुठून बघितलंत, हे विचारायचं होतं. मालिकेत रडवायला तुम्हाला आमच्याच खोपटातलं मरण का लागतं, हे विचारायचं होतं. पण तोंडातून निघालं ते "थँक यू". तो थँक यू मला अजूनही झोंबतो.

पुढचा आठवडाभर टीव्हीवर जाहिरात फिरत होती: शामरावांचं काय झालं? काकाजींना बोलावणं आलं नाही. दुसऱ्या मालिकेतलं ठरलेलं वकिलाचं कामही गेलं. ते घरातच होते. भिंतीला पाठ करून खुर्चीत बसायचे. दूधवाल्यावरही ओरडले नाहीत, तेव्हा दूधवालाच घाबरून आईकडे आला.

तो भाग लागणार होता त्या गुरुवारी लोडशेडिंगची वेळ बदलून सकाळची झालेली होती. संध्याकाळी गल्लीत सगळीकडे दिवे. सव्वासातला काकाजींनी ओट्यावर उभं राहून टाळ्या वाजवल्या. "या! आजचा भाग!"

"काकाजी, लाईट हाय न!" कोणीतरी ओरडलं.

"लाईट गेली खड्ड्यात! ज्याले यायचं त्यानं या!"

मावशी शेजारच्या व्हरांड्याकडे निघाल्या होत्या. हातात बसायचं पोतं होतं. काकाजी ओट्यावरून उतरले, त्यांच्या हातातलं पोतं घेतलं आणि स्वतःच्या ओट्यासमोर अंथरलं. "तिथं नाई. इथं बस."

मावशींनी त्यांच्याकडे बघितलं आणि बसल्या. मी त्यांच्याजवळ बसले. आणखी सात-आठ जण आले. बाकीचे घरात, टीव्हीसमोर.

साडेसात वाजले. घराघरांतून शीर्षकगीत सुरू झालं. काकाजींनी त्याच्यावर आवाज चढवला. शामराव पुण्यात व्याह्याशी भांडला, जोरात भांडला. पिशवी उचलली. एसटीत बसला. खिडक्यांमधून बासरी वाजू लागली, तसा काकाजींनी कंडक्टरशी भांडण काढलं. बासरी थांबली आणि एकदम बायकांचं रडणं सुरू झालं, चारी बाजूंनी, प्रत्येक घरातून तेच रडणं. काकाजींच्या मानेच्या शिरा तटतटल्या. ते ड्रायव्हर झाले, गाडी झाले, हॉर्न झाले. "अकोलं! मूर्तिजापूर! उतरा रे, बडनेरा आलं!" आवाज फाटत होता. त्या रडण्याचा एकही सूर त्यांना मावशींपर्यंत पोचू द्यायचा नव्हता.

मावशींना सगळं ऐकू येत होतं. त्यांचा हात माझ्या मनगटावर होता.

"मंग?" त्या म्हणाल्या. "घरी पोचला का तो?"

"पोचला न."

"घरी कोन होतं?"

काकाजी थांबले. मालिकेत शामरावाला गावी कोणी नव्हतंच. कोणी लिहिलंच नव्हतं. खिडक्यांतलं रडणं आता मोकळं ऐकू येत होतं.

"माय होती," ते म्हणाले. "जागी होती."

"मंग काय म्हने ते?"

मी त्यांना वाक्य विसरलेलं कधी पाहिलं नव्हतं. काकाजी ओट्याच्या पायरीवर, मावशींच्या समोर बसले. "मले नाई सुचत," ते म्हणाले. "तू सांग."

माझ्या मनगटावरची मावशींची बोटं आवळली गेली.

"म्हने, हातपाय धू," त्या म्हणाल्या. "भाकर झाकून ठेवली हाय."

काकाजींनी हातपाय धुतले. ओटा कोरडाच होता, पण त्यांनी टाचा घासल्या, चूळ भरली, तोंडावर पाणी मारलं आणि धोतराच्या सोग्याला हात पुसले. मग मांडी घालून बसले, नसलेलं ताट पुढे ओढलं आणि भाकरीचा तुकडा मोडला.

"वाढू का आनखी?" मावशींनी विचारलं.

"वाढ," ते म्हणाले, आणि हळूहळू जेवत राहिले.