सत्तावीस नंबरची नळी

आमच्या बायोकेमिस्ट्रीच्या मगदूम सरांनी एकदा स्वतःचीच सही नाकारली. रोज घरी जाताना ते फ्रीजच्या दाराला कागदी पट्टी चिकटवतात, तिच्यावर सही करतात आणि सकाळी ती भिंगातून तपासतात. त्या दिवशी सहीतला 'म' त्यांना जरा जाड वाटला.

"संकपाळ, ही सही माझी कशावरून?"

"सर, काल माझ्यासमोरच केलासा की."

"तुम्ही समोर होता, तीच तर अडचण आहे."

मी या विभागात बावीस वर्षं परिचर आहे. म्हणजे नळ्या धुतो, लेबलं लावतो आणि सरांच्या संशयाला तोंड देतो. राहायला शिवाजी पेठेत. आमच्यात एखाद्याचा संशय आला तर त्याला चौकात उभं करून तोंडावर विचारतात आणि मग त्यालाच चहा पाजतात. सरांचं तसं नाही. ते नुसते चष्म्यावरून बघतात आणि वहीत काहीतरी लिहितात. काय लिहितात देव जाणे. बावीस वर्षांत माझ्यावर दोन-चार पुस्तकं तरी झाली असतील.

'कशावरून' हा त्यांचा आवडता शब्द. दूधवाला म्हणाला, दूध म्हशीचं आहे. सर म्हणाले, कशावरून? त्यानं शपथ घेतली, तर सरांनी ते दूध लॅबमध्ये आणून त्यातली प्रोटीनं वेगळी केली आणि निम्मं गाईचं आहे हे आलेख काढून दाखवलं. दूधवाला आलेख बघून जो गेला तो परत आला नाही. तेव्हापासून सर कोरा चहा पितात. घरी दुसरं कुणी नाही, त्यामुळे तक्रार करायलाही कुणी नाही.

पण त्यांचं काम थोर हो, ते मी आईशप्पथ सांगतो. किडनी बिघडायला लागली तरी माणसाला पत्ता नसतो. खातो, पितो, हिंडतो आणि कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. मात्र त्याच्या कितीतरी आधी रक्तातलं एक प्रोटीन वाढायला लागतं, असं सरांचं म्हणणं. हे चुगलखोर प्रोटीन पकडायला सर दुसरं एक प्रोटीन बनवत होते. प्रोटीन म्हणजे मण्यांची माळ. त्यातला एकेक मणी बदलायचा आणि बघायचं, पकड घट्ट झाली का, उन्हात टिकतं का. फ्रीज नसलेल्या गावातसुद्धा ही तपासणी झाली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. अकरा वर्षं मणी बदलणं चाललं होतं.

उन्हात टिकतं का, हे बघायची पद्धत म्हणजे मी. मे महिन्यात त्या प्रोटीनची बाटली माझ्या स्कूटरच्या डिकीत घालायची आणि मला लांब कबनूरला पाठवायचं. तिथं काही काम नाही. जायचं, भर उन्हात उभं राहायचं, परत यायचं. आल्यावर सर आधी स्कूटरचे किलोमीटर बघणार, मग बाटली. एकदा मी अर्ध्या वाटेत शिरोलीतच सावलीला बसून उसाचा रस पिऊन परत आलो.

किलोमीटर बघून सर म्हणाले, "संकपाळ, कबनूर जवळ आलं का हो?"

शेवटी माळ जमली आणि खरी परीक्षा आली. आजारी माणसांचं रक्त एका डॉक्टरांकडून येणार होतं, निरोगी माणसं मी आणायची होती. नळ्यांवर फक्त नंबर टाकायचे. कुठला नंबर कुणाचा, हे माझ्या वहीत.

सर म्हणाले, "मला कळलं तर मला हवं तेच मी बघेन. माझा माझ्यावर विश्वास नाही. नावं तर मी मागितली तरी द्यायची नाहीत."

"आणि माझ्यावर विश्वास हाय?"

"अजिबात नाही. पण यातलं तुम्हाला काही कळत नाही, ते बरं आहे."

मी आमच्या तालमीतले गडी आणले. सरांनी दारातच प्रत्येकाला विचारलं, तुम्ही निरोगी कशावरून? एकानं उत्तर म्हणून शेजारचा बाक उचलून दाखवला. त्यावर आमचे हेडक्लार्क बसले होते. सर समाधानानं आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

शेवटचा नंबर दादू पैलवानाचा. सत्तावीस. वहीत नाव लिहून झालं, नर्सबाईंनी सुई काढली आणि समोरच्याला आस्मान दाखवणारा आमचा दादू स्वतःच आडवा झाला. पाणी मारून उठवला, तर "मला न्हाय जमत" म्हणून पायात चपला न घालता पळाला.

आता आली का पंचाईत? मागं एकदा एक नळी कमी पडली तेव्हा सरांनी सगळ्याच्या सगळ्या नळ्या बेसिनमध्ये ओतल्या होत्या. म्हटलं, कुठं परत सगळी वरात आणायची. बाही वर केली आणि माझंच रक्त दिलं. मी कधी सर्दीनं सुद्धा पडत नाही, मग काय फरक पडतो? बाई म्हणाल्या, वहीतलं नाव बदला. बदलतो म्हटलं आणि ते राहिलंच.

महिन्याभरानं निकाल लागला. सरांनी कुठल्या नळीत प्रोटीन वाढलंय ते फळ्यावर लिहिलं आणि मी वहीतून एकेक नंबर आजारी की निरोगी एवढंच वाचलं. सगळं जुळलं. फक्त सत्तावीस नंबर निरोगी आणि प्रोटीन मात्र वाढलेलं.

मला वाटलं, आता माझी चामडी सोलतात. पण सर दोन दिवस तीच नळी परत परत तपासत बसले, डबासुद्धा उघडला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"संकपाळ, सत्तावीसचं नाव सांगा."

"न्हाय सर. मागितलं तरी द्यायचं न्हाय म्हणून तुम्हीच सांगितलाय."

"आता मीच सांगतोय ना."

"तुम्हीच कशावरून?"

बावीस वर्षांची हौस मी एका दमात फेडून घेतली. सर हसले नाहीत. म्हणाले, "एक नळी चुकली म्हणून सोडून देता येईल. पेपर छान दिसेल. पण त्या माणसाचं काय?"

मी वही पुढं केली. नाव दादूचं. सर तसेच चपला घालून दादूकडं जायला माझ्या स्कूटरवर मागं बसले. दादू मला बघून काय बोलेल आणि माझी नोकरी राहील का जाईल, एवढंच माझ्या डोक्यात. तेवढ्यात मागून सर म्हणाले, "पैलवानाशी मी बोलतो. तुम्ही मध्ये बोलू नका. हिंडत्याफिरत्या माणसाला तू आजारी आहेस म्हणून सांगायचं, फार अवघड असतं हो."

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. आपण कुणासाठी चाललोय हे मला कळलं. मी स्कूटर बाजूला घेतली.

"सर, त्या नळीत दादू न्हाय. मी हाय."

झालेलं सगळं सांगून टाकलं आणि मान खाली घालून उभा राहिलो. सर माझ्यावर घेत होते तो संशय खरा ठरला होता, आता बोलायला त्यांना रान मोकळं होतं. पण हा माणूस भर रस्त्यात गुडघ्यावर बसला, माझी विजार वर सारली आणि नडगीवर अंगठा दाबला. सूज आहे का बघत होते. खड्डा पडला नाही.

"बघा, काही नाही," सर घाईघाईनं म्हणाले. "माझंच चुकलं असेल. पिपेट जुनं आहे. बाटली बिघडली असेल. ते प्रोटीनच मुळात नीट जमलेलं नाही."

स्वतःच्या अकरा वर्षांच्या कामाला नावं ठेवत ते परत स्कूटरवर बसले. लॅबमध्ये नवीन रक्त घेतलं, नवीन बाटली फोडली आणि परत तपासलं. तेच आलं. मग मला धरून किडनीच्या डॉक्टरांकडे नेलं.

त्यांचे रिपोर्ट यायला दोन दिवस लागले. डॉक्टर म्हणाले, सुरुवात झालीय, ब्लडप्रेशरही वाढलंय, पण फार लवकर सापडलं. गोळ्या घ्या, मीठ कमी करा, पुष्कळ वर्षं काढाल. काही त्रास नसताना तपासायचं सुचलं कसं, असंही त्यांनी विचारलं. मी छाती पुढं काढून सांगितलं, आमच्या सरांच्या टेस्टमध्ये सापडलं. डॉक्टर सरांचं अभिनंदन करायला खुर्चीतून उठले, तर सर खोलीत नव्हते.

ते बाहेर बाकावर बसले होते. चष्मा हातात, डोळे लाल. मी शेजारी बसलो. मला भीती वाटत होती, पण त्यांच्याकडं बघून माझं मलाच विसरायला झालं.

"सर, तुमचं बरोबर निघालं की. अकरा वर्षांचं सोनं झालं."

बावीस वर्षांत या माणसानं मला कधी अरेतुरे केलं नव्हतं. त्यांनी माझा हात धरला आणि सोडलाच नाही.

"चुकायला पाहिजे होतं रे," सर म्हणाले. "एवढं एकदा तरी माझं चुकायला पाहिजे होतं."