निंबखेड्याचा दाता

या, असे पुढे सरका. मागे भिंतीला टेकून बसलं की झोप लागते, आणि ही गोष्ट झोपेत ऐकण्यासारखी नाही. जळगावात मेहरूणच्या तलावाकडे एक जुनी बाग आहे, तिथल्या माळ्याची गोष्ट सांगतो. देवाच्या दारात भल्या माणसाची कशी फजिती झाली, ते ऐका.

बाग दलिचंद शेठची. पणजोबा मारवाडातून आले, त्यांनी डाळमिल काढली. शेठच्या आईने, सुगनबाईंनी, मिलमागच्या उजाड रानात ही बाग उभी केली. बाईंच्या तिथीला दरवर्षी एका शाळेला झाडं द्यायची, सोबत पाण्याची टाकी आणि ठिबकच्या नळ्याही, आणि देणाऱ्याचं नाव कुणाला कळू द्यायचं नाही, हा घराचा नेम. कित्येक वर्षं नेम चालू होता, पण खरं सांगायचं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजारपेठेला कळायचं. शेठला त्याचा फार त्रास व्हायचा. म्हणून यंदा त्यांनी लांबचं, शिरपूरकडचं निंबखेडे निवडलं आणि पितांबर माळ्याला बोलावलं.

"तू एकटाच जा. माझं नाव घेणार नाहीस, शब्द दे."

पितांबरने गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावून शब्द दिला. तिथेच तो अडकला.

आठ दिवस तो शाळेत राहिला. खड्डे खणले, दोनशे झाडं लावली, टाकी बसवून घेतली. नूतन मॅडम, म्हणजे तिथल्या मुख्याध्यापिका, रोज विचारायच्या, "काका, हे पाठवलं कुणी?"

"नाव सांगानी मनाई शे, ताई."

"तुम्ही नाही ना दिलं?"

"मी कशाले देऊ? मी फक्त खड्डा खंदात."

मॅडमनी त्याच्या चिखलाने भरलेल्या हातांकडे पाहिलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. त्या सरपंच झुलाल नानांकडे गेल्या. नाना विडी विझवून म्हणाले, "मॅडम, खरा दाता कधी 'मी दिधं' म्हणस का? नही म्हणस म्हणजे तोच शे."

नवव्या दिवशी गावाने पितांबरला शाल पांघरली. तो "मी नही, मी नही" म्हणत राहिला, आणि प्रत्येक 'नाही'ला टाळ्या वाढत गेल्या.

तो शाल घेऊन घरी आल्यावर बायकोने, बेबाबाईने, ती उलटीसुलटी करून पाहिली. नवऱ्याचा पगार तिला ठाऊक होता, त्यामुळे शाल कुणाच्या वाटची हेही तिला लगेच कळलं.

"शेठनी दिधं ना बठ्ठं?"

"माले काही माहीत नही."

"मालेबी नही सांगत? तीस वरीस भाकर थापी मी."

पितांबरने जेवण सोडलं नाही, पण त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं.

महिन्याभराने झुलाल नाना चौघांना घेऊन जीपने जळगावला आले. पितांबरचं पत्र्याचं घर पाहून ते उंबऱ्यातच थबकले. "पाहा," ते सोबत्यांना म्हणाले, "इतलं देणारा माणूस, आणि राहणं कसं साधं." मग विषय निघाला. गावात सप्ता होता. मारुतीच्या पारासमोर सभामंडप हवा होता. काल्याच्या दिवशी पंगतीत पितांबरभाऊंनी तो जाहीर करावा, एवढीच विनंती होती.

पितांबर तसाच बागेत धावला. शेठ बकुळीखाली बसले होते.

"शेठ, आते काय करू? नाव सांगं तर शब्द मोडस. मंडप देस म्हणं तर देवासमोर खोटा पडस. गळामा माळ शे मन्ही."

"नेम आईचा आहे रे," शेठ म्हणाले. "मी येतो सोबत. तिथं काहीतरी सुचेल."

"मी बी येस," बेबाबाई मागून म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

काल्याचं कीर्तन असं रंगलं की टाळकऱ्यांचे सदरे भिजले. दहीहंडी फुटली, पंगती बसल्या. शेठ साध्या धोतरात कडेला उभे होते. झुलाल नानांनी त्यांना हटकलं, "तुम्ही कोण, बाबा?"

"पितांबरच्या बागेत असतो मी. पन्नास वर्षं झाली."

"मंग उभा का? मालक देव माणूस, अन तुम्ही हात बांधीसन! जग ल्या, पानी वाढा."

डाळमिलचे मालक जग घेऊन वाकून पाणी वाढू लागले. तेवढ्यात पितांबरच्या हातात माईक आला. समोर शेठ पाणी वाढताहेत आणि नाना त्यांना "सांडू नका" म्हणून दटावताहेत, हे पाहून त्याचा जीव कासावीस झाला.

"बाप्पा हो," त्याचा आवाज फुटला, "खरं सांगस, देणारा माणूस आठेच..."

शेठनी तिथूनच हात जोडले. जोडताना जग कलंडला आणि अर्धं पाणी नानांच्या मांडीवर गेलं. पितांबर गप्प झाला. पंगत थांबली.

तेव्हा बायकांच्या पंगतीतून बेबाबाई उठली आणि तिने माईक घेतला. तिने कुणाला शब्द दिला नव्हता, आणि गळ्यात माळही नव्हती.

"हाऊ माणूस लाजाळू शे. मी बोलस. मंडप व्हई. पत्राना नही, स्लॅबना. पण पह्यले शाळेमा पोरीस्नाकरता संडास बांधू, मंग मंडप. मी सकाय पाह्यं, पोरी शेतमा जातीस." मग ती पाणी वाढणाऱ्याकडे वळली. "काय हो बाबा, बरोबर ना?"

"त्याले काय इचारतीस, अक्का," ओली मांडी पुसत नाना म्हणाले, "तो पानी वाढणारा."

शेठ म्हणाले, "बरोबर आहे."

परतताना गाडी अमळनेरला पोहोचली. पितांबर सीटच्या कडेला बसला होता, नोकरी गेली असं धरून. मग शेठ म्हणाले, "बेबाबाई, इतकी वर्षं शाळांना झाडं देतो आम्ही. संडास कुणाला सुचले नाहीत."

"झाडामांगे जावानी पाळी आम्हनावर येस, शेठ. तुम्हले कशी सुचतीन?"

शेठ हसू लागले. इतके हसले की ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली.

वर्षभरात दोन्ही उभं राहिलं. मंडपावर पितांबर आणि बेबाबाईचं नाव आहे. पितांबरला ते पाहवेना, म्हणून त्याने पदरच्या पैशाने पारापाशी एक बकुळ लावली. आता माझ्या नावाचं निदान एवढं तरी खरं, असं तो म्हणतो. सप्त्यात शेठ दरवर्षी जातात, आणि नाना त्यांना दरवर्षी पाणी वाढायला लावतात.

तर मंडळी, कधी निंबखेड्याच्या मंडपात बसलात, तर शेठची आठवण काढू नका. त्यांचा नेम मोडेल. समोरच्या शाळेतून मुली हसत खेळत बाहेर येतील, तेव्हा बेबाबाईची तेवढी आठवण ठेवा.