निळं भांडं आणि दोन खोकी

मी बांधलेली वस्तू फुटत नाही! हे मी गर्वाने सांगत नाही, माहिती म्हणून सांगतो. काचसामानाच्या कारखान्यात बांधणी खात्याचा मी प्रमुख आहे. आमची झुंबरं, फुलदाण्या, पातळ दांड्याचे पेले जहाजाने गेले, ट्रकने गेले, एकदा पूल खचला म्हणून हमालांच्या डोक्यावरून गेले. सगळे धडधाकट पोचले. एका ठिकाणी तर ट्रक उलटला. चालकाचा हात मोडला, पेले जसेच्या तसे! मी चालकाला भेटायला गेलो होतो. माणूस चांगला होता, पण त्याला माझ्या बांधणीचं म्हणावं तितकं कौतुक वाटलं नाही.

घरात तर या कर्तृत्वाला काडीची किंमत नाही. सासूबाई मला 'खोकेवाले' म्हणतात. तोंडावर नाही, बहिणीशी फोनवर बोलताना. पण त्यांचा आवाज असा, की फोन नसता तरी बहिणीला ऐकू गेलं असतं. सासू-सासरे आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात, त्यामुळे मला तर हमखास ऐकू येतं. आयुष्यात एकदा तरी या बाईंच्या तोंडून 'मानलं तुम्हाला' एवढे दोन शब्द ऐकायचे, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. आणि ती संधी चालून आली ती निळ्या भांड्यामुळे.

हे भांडं सासूबाईंच्या आईचं. जाड निळ्या काचेचं, खाली एक बैठक, कडेला लाटांसारखी नक्षी. उन्हात ठेवलं की टेबलावर निळा उजेड सांडतो. मी दिवसभर काच बघणारा माणूस, सहसा काचेकडे ढुंकूनही बघत नाही, पण हे भांडं बघून माझाही हात जरा थांबायचा. आई गेल्यावर दोघी बहिणींनी ते वाटून घेतलं, म्हणजे एक वर्ष सासूबाईंकडे, एक वर्ष मावशींकडे. अदलाबदलीच्या दिवशी जिच्या घरी भांडं जाणार तिच्याकडे सगळ्यांनी जेवायला जमायचं आणि शेवटी त्याच भांड्यातून कस्टर्ड वाढायचं. त्या कस्टर्डवर मावशींच्या यजमानांचं, म्हणजे काकांचं, मावशींपेक्षाही जास्त प्रेम.

मागच्या वेळी भांडं मावशींकडे नेताना त्याच्या बैठकीचा टवका उडाला. तांदळाच्या दाण्याएवढा! पण मावशींनी बोट फिरवून तो शोधला आणि जाहीर केलं, "ताई, पुढच्या वेळी माझ्याकडे येताना एक ओरखडा जरी दिसला, तर भांडं कायमचं माझं!"

तेव्हापासून सासूबाईंची झोप उडाली होती. भांडं मावशींकडे न्यायचा दिवस जवळ आला तसं त्यांचं जेवणही कमी झालं.

"मी मांडीवर घेऊन बसेन टॅक्सीत," त्या म्हणाल्या. "गोधडीत गुंडाळून."

"गोधडीत?" मी दचकलोच. "आई, घरात बांधणी खात्याचा प्रमुख असताना गोधडी?"

"मागच्या वेळी टॉवेल होता. या वेळी गोधडी."

"आई, मला एक संधी द्या!"

बायकोने मला डोळ्यांनी खुणावलं. लग्न मुरलं की नवऱ्याला अशा खुणा कळतात, फक्त तो त्या ऐकत नाही.

आमच्या खात्याची एक पद्धत आहे. नाजूक माल पाठवण्याआधी एक चाचणीचा खोका बांधायचा. त्यात मालाच्याच वजनाचं काहीतरी भरायचं, खोका जिन्यावरून फेकायचा, उघडून बघायचं. मग अगदी तस्साच दुसरा खोका खऱ्या मालासाठी बांधायचा. मी सासूबाईंसमोर भांड्याचं वजन केलं, तेवढेच बटाटे मोजून खोक्यात बांधले आणि खोका जिन्यावरून दिला सोडून! गडगडत तो दाताच्या डॉक्टरांच्या दारावर आपटला. डॉक्टर बाहेर आले, पाठोपाठ तोंडात कापूस घेतलेला त्यांचा रोगीही आला. मी सगळ्यांसमोर खोका उघडला. बटाटे खणखणीत!

"बटाटा कधी फुटतो का?" सासूबाईंनी विचारलं.

रोग्याने कापसातून होकार दिला. मग मी आमच्या कारखान्यातलं एक साधं भांडं घेतलं, त्यात अंडी भरली, एकूण वजन निळ्या भांड्याइतकं जुळवलं आणि बांधून पुन्हा जिन्यावरून फेकलं. उघडलं. एकाही अंड्याला तडा नाही!

सासूबाईंनी एकेक अंडं उचलून उजेडात धरून बघितलं. "बरं," त्या म्हणाल्या. त्यांच्या भाषेत हे जवळजवळ अभिनंदनच.

सासरे मात्र खुळावलेच. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या आयुष्यात इतकं रोमांचक काही घडलं नव्हतं. "जावईबापू, तो अंड्यांचा खोका परत बांधा! मला फेकून बघायचाय!"

"आत्ता नको, बाबा. आम्ही उद्या मावशींकडे गेलो की फेका हवा तितका."

सासरे जेवायला येणार नव्हते, कारण स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायला नळवाला येणार होता, आणि आलेला नळवाला परत पाठवला तर पुन्हा कधी उगवेल सांगता येत नाही. तर मी अंड्यांचा खोका पुन्हा बांधला. मग निळ्या भांड्याचा खोका बांधला. तोच आकार, तेच वजन, तीच चिकटपट्टी. कागदाच्या तीन थरांत भांडं, ते एका खोक्यात, तो दुसऱ्या खोक्यात, मध्ये भुश्श्याची गादी. दोन्ही खोकी दाराशी शेजारी शेजारी ठेवली. जुळ्या बहिणी शोभल्या असत्या!

"अहो, यातलं कुठलं कुठलं ते कळणार कसं?" बायकोने विचारलं.

मी नुसता हसलो. आमच्या खात्यात चाचणीच्या खोक्याच्या तळाला लाल फुली मारतात. ती मी मारली होती. फुली बघायची तर खोका उलटा करावा लागतो. आणि दोन्ही खोक्यांवर मी स्वतःच्या हाताने, ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'उलटा करू नये'.

आता तुम्ही म्हणाल, दुसऱ्या दिवशी निघताना एकदा उलटा करून बघायचा! अहो, तुम्ही म्हणाल. पण ज्याने उभ्या हयातीत हजारो खोक्यांवर ही सूचना लिहिली आणि ती न पाळणाऱ्या हमालांना फैलावर घेतलं, त्याचा हात खोका उलटा करायला धजेल का? मी आठवणीवर विसंबून उजवीकडचा खोका उचलला. सकाळी दाराशी झाडू फिरवताना बायकोने दोन्ही खोकी सरकवून परत ठेवली होती, हे मला नंतर कळलं.

टॅक्सीत सासूबाई खोक्यावर हात ठेवून बसल्या होत्या. मावशींच्या घरी जेवण झालं. टेबल आवरलं. कस्टर्ड पातेल्यात तयार होतं, वर द्राक्षं आणि सफरचंदाच्या फोडी. काका चमचा हातात घेऊन सज्ज! मी बाह्या सरसावल्या आणि खोका उघडायला घेतला.

चांगली बांधणी सहजासहजी उघडत नाही, हे मी आधीच सांगतो. पहिली पट्टी सोलताना सुरी बोथट झाली. दुसरी सुरी आणली. बाहेरचा खोका निघाला, भुस्सा गालिच्यावर पसरला, मावशींनी गालिच्याकडे बघितलं. काकांनी पातेल्याकडे.

"अजून किती आहे हो?" काकांनी विचारलं.

"आतला खोका आहे."

"त्याच्या आत?"

"कागद."

काकांनी चमचा खाली ठेवला. शेवटी मी कागदाचा शेवटचा थर दिमाखात बाजूला केला आणि चारी बाजूंनी माना पुढे आल्या.

आत अंडी होती.

काकांनी पुन्हा पातेल्याकडे बघितलं. मग मावशी म्हणाल्या, "ताई, आईचं भांडं आता अंडी घालायला लागलं का?"

सासूबाई माझ्याकडे वळल्या. मी असा चेहरा केला, की यात काळजीचं काहीच नाही. "चाचणीचा खोका आहे. भांडं घरी सुरक्षित आहे. दुसऱ्या खोक्यात."

"दुसरा खोका," बायको सावकाश म्हणाली, "बाबांकडे आहे ना? फेकायला?"

मी फोनवर झडप घातली. नंबर लावला. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून बायकोने फोनचा आवाज मोठा केला.

"बाबा! तो खोका..."

"जावईबापू! कमाल, कमाल बांधलंय!" सासरे आनंदाने ओरडले. "मी दोनदा फेकला. नळवाल्याने एकदा फेकला. दाताच्या डॉक्टरांनी लाथ मारली, त्यांचाच पाय मुरगळला! आता गच्चीवरून टाकतोय, खाली सगळी इमारत जमलीय!"

"अहोऽऽ!" सासूबाई किंचाळल्या. "त्यात निळं भांडं आहे!"

पलीकडे पावलांचा धडधडाट. मग सासऱ्यांचा आवाज, फोनपासून लांब: "नळवाल्याऽऽ! थांब!"

आणि मग: धप्!

सासूबाई खुर्चीत बसल्या. मावशी दुसऱ्या खुर्चीत बसल्या. बायको मला काहीच बोलली नाही, आणि लग्न मुरलेल्या माणसाला हे सगळ्यात भीतीदायक असतं. मला खरोखर रडू येत होतं. भांड्यासाठी, सासूबाईंसाठी, आणि खरं सांगायचं तर स्वतःसाठीही.

सासरे टॅक्सी करून आले. खोका त्यांनी मांडीवर घेतला होता, गोधडीत गुंडाळून. खोक्याचे कोपरे चेपले होते आणि एका बाजूला डॉक्टरांच्या बुटाचा ठसा होता. मी सुरी घेतली. या वेळी कोणी 'अजून किती' असं विचारलं नाही. बाहेरचा खोका, भुस्सा, आतला खोका, कागद, कागद, कागद.

भांडं अखंड होतं!

मावशींनी बोट फिरवलं. काकांचं भिंग आणून बघितलं. उजेडात धरलं, टेबलावर निळा प्रकाश सांडला. तो जुना दाण्याएवढा टवका सोडला तर एक ओरखडा नाही! सासूबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. त्या उठल्या, माझ्यासमोर आल्या आणि म्हणाल्या, "जावईबापू, मानलं तुम्हाला!"

मला दोन शब्द हवे होते, 'जावईबापू' वर फुकटात मिळालं. मी तरंगायलाच लागलो! चेपलेला खोका उचलून बाहेरच्या खोलीत नेला आणि सासऱ्यांना, काकांना, जो भेटेल त्याला कोपऱ्यांची रचना समजावून द्यायला लागलो. धक्का कुठून येतो, कुठे जातो, भुश्श्याने तो कसा गिळला. काका 'हो, हो' म्हणत होते, पण त्यांचं लक्ष स्वयंपाकघराकडे.

"अगं, त्या कस्टर्डचा आता दगड झाला असेल!" त्यांनी हाक दिली.

"दूध घालून उकळलंय परत!" आतून मावशींचा आवाज आला. "ओततेच आहे!"

काचेच्या कारखान्यात जन्म गेलेल्या माणसाने या वाक्याला ताडकन उठायला हवं होतं. जुन्या जाड काचेत उकळतं काही ओतायचं नसतं, हे आमच्याकडे झाडूवाल्यालाही ठाऊक आहे. पण मी तेव्हा डाव्या कोपऱ्याची घडी समजावत होतो.

टक्!

अगदी बारीक आवाज. तो मी झोपेतही ओळखतो. धावत आत गेलो. भांड्याचे मधोमध दोन तुकडे झाले होते, आणि त्यांच्यामधून कस्टर्ड शांतपणे टेबलाच्या कडेकडे निघालं होतं. मावशींच्या हातात पातेलं तसंच तिरकं होतं.

"आईचं भांडं," त्या म्हणाल्या आणि लहान मुलीसारख्या रडायला लागल्या.

मला वाटलं, आता सासूबाई त्या टवक्याचा हिशेब चुकता करणार. पण त्यांनी बहिणीच्या हातातलं पातेलं काढून घेतलं, तिला जवळ बसवलं आणि पदराने तिचे डोळे पुसले. "जाऊ दे गं. आता ओरखडे शोधायला नकोत." मग पातेल्यात डोकावून म्हणाल्या, "बुडाला थोडं आहे अजून."

दोघींनी दोन चमचे घेतले आणि पातेलं खरवडून खायला लागल्या. आई असताना म्हणे असंच खरवडायच्या, चमच्यांची मारामारी करत. आत्ताही केली. काका दारात उभे होते, रिकामी वाटी घेऊन. त्यांना कोणी विचारलंसुद्धा नाही. त्या खोलीत त्यांच्याइतकं दुःखी कोणी नव्हतं.

पातेलं लख्ख झाल्यावर मावशींनी विचारलं, "पण कस्टर्ड परत उकळावं का लागलं?"

"उघडायला इतका वेळ लागला म्हणून," सासूबाई म्हणाल्या.

"इतकं घट्ट कोणी बांधलं होतं?"

दोघी बहिणींनी एकदम माझ्याकडे बघितलं. कित्येक वर्षांत त्यांचं एखाद्या गोष्टीवर इतकं एकमत झालं नव्हतं. मी काही बोलणार, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "खोकेवाले," आणि या वेळी तोंडावर, "एक अर्धं तिला, एक अर्धं मला. नीट बांधून द्या."

मी बांधून दिलं. तीच पट्टी, तोच भुस्सा, तीच दोन खोकी. घरी येऊन सासूबाईंसमोर त्यांचा खोका उघडला, बराच वेळ लागला.

आतल्या अर्ध्या भांड्यावर एक ओरखडा नाही! मी सांगितलं होतं ना, मी बांधलेली वस्तू फुटत नाही.