पाटणकरकाकांचं डिक्लेरेशन

आमच्या शेजारचे पाटणकरकाका बेकार झाले की थ्री-पीस सूट घालत.

कामावर असताना हा माणूस कोपराशी विरलेल्या स्वेटरमध्ये जायचा. पण काम सुटलं की दर दुसऱ्या मंगळवारी सकाळी सूट, टाय, चकचकीत बूट आणि वरच्या खिशात दोन पेनं. एक सही करायला आणि दुसरं, पहिल्यानं दगा दिला तर. त्या दिवसांत बेकारभत्ता हवा असेल तर पंधरा दिवसांतून एकदा कचेरीत जाऊन, मी अजूनही बेकारच आहे, अशी सही करावी लागायची. लेस्टरमधल्या आमच्या गल्लीतले बाकीचे लोक या कामाला कॉलर कानापर्यंत ओढून, भिंतीच्या कडेकडेनं जायचे. काका मात्र फाटकातून खणखणीत आवाजात सांगायचे, "सही करायला चाललोय हो!" ऐकणाऱ्याला वाटावं, गृहस्थ एखाद्या तहावर सही करणार आहेत.

काकांची नोकरी ख्रिसमस क्रॅकरच्या फॅक्टरीत. इथे ख्रिसमसच्या जेवणाला दोघांनी दोन टोकं धरून ओढायची कागदी नळकांडी असतात. फट् आवाज होतो आणि आतून एक कागदी टोपी, एक निरुपयोगी खेळणं आणि एक भिकार विनोद पडतो. तो विनोद आत घालण्याचं काम काकांचं. त्यातला एकही त्यांना कधी कळला नाही. "मी फक्त भरतो. हसायचं खातं वेगळं," असं ते म्हणत. डिसेंबरच्या मध्यावर ऑर्डरी संपायच्या, की काकांना घरी पाठवायचे ते थेट ईस्टरनंतर बोलवायचे. दरवर्षी न चुकता. आमच्याकडे जसा चातुर्मास, तशी काकांची बेकारी.

सहीच्या दिवशी सुमनकाकू दारात उभ्या राहून त्यांच्या हातावर दही घालायच्या. परीक्षेला निघालेल्या मुलाच्या हातावर घालतात तसं. काका ते चाटून हात रुमालाला पुसायचे आणि मगच उंबरा ओलांडायचे. काकू मला हाक मारून म्हणायच्या, "बघ गं, बघ! एवढं सजून हे माझ्या माहेरीसुद्धा कधी आले नाहीत!"

"माहेरी फॉर्म भरायचा नसतो," काका म्हणायचे.

फॉर्म हा काकांचा जीव की प्राण. साताऱ्याच्या कलेक्टर कचेरीत सात वर्षं कारकुनी करून ते इकडे आले होते. सरकारपासून काही लपवायचं नाही हा त्यांचा धर्म आणि "डिक्लेअर केलेलं बरं" हे त्यांचं पालुपद. आमच्याकडे जेवायला बसले की पहिल्याच घासाला, "वहिनी, डिक्लेअर केलेलं बरं, आमटीला मीठ नाही." मी त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, तरी वहिनी. पण राग आला की मी एकदम "अगं कार्टे" होत असे.

या डिक्लेअर प्रकरणात एकदा आम्हीही सापडलो. भाड्यानं राहत होतो तेच घर विकत घेतलं म्हणून आम्ही सत्यनारायण घातला. आसपासच्या मराठी मंडळींत पोथी फक्त काकांकडे, त्यामुळे पूजा त्यांनीच सांगितली. आम्ही सव्वा पाउंड दक्षिणा, बेलग्रेव्ह रोडवरून आणलेला नारळ आणि एक टॉवेल दिला. पुढच्याच मंगळवारी कचेरीतल्या मॉरीननं काकांना नेहमीचा प्रश्न विचारला. गेल्या सहीनंतर तुम्ही काही काम केलंत का?

या प्रश्नाला सगळं लेस्टर ‘नो’ म्हणतं. काका म्हणाले, "येस, मॅडम. आय डिक्लेअर."

मॉरीन ही कचेरीतली गुबगुबीत, चष्मेवाली बाई. राजा आला असता तरी त्यालाही इथल्या लाडिक बोलीत ‘डक’ म्हणाली असती. "अ कोकोनट, डक?" असं तिनं तीनदा विचारलं म्हणे, आणि मग मुकाट्यानं नारळ लिहून घेतला. काका मागे लागले म्हणून टॉवेलही लिहिला. रंगासकट.

आठवड्यानं माझ्या नवऱ्याच्या, श्रीकांतच्या नावे सरकारी पत्र आलं. आपण श्री. पाटणकर यांना किती तास कामावर ठेवलंत? कामाचं स्वरूप काय? श्रीकांत हॉस्पिटलात रजिस्ट्रार, म्हणजे कन्सल्टंटच्या एक पायरी खालचा डॉक्टर. तो पत्र घेऊन घरभर फिरायला लागला. "मी कन्सल्टंटच्या इंटरव्ह्यूला जायचं, आणि पॅनल विचारणार, डॉक्टर, तुम्ही चोरून भटजी ठेवलात हे खरं का? नारळ कशाला डिक्लेअर करायचा माणसानं!"

काका शांत होते. "कथा नीट ऐकली नव्हतीस वाटतं. त्या वाण्याला विचारलं, होडीत काय आहे? तो म्हणाला, पालापाचोळा. काय झालं? खरंच पालापाचोळा झाला! अरे, तुझ्याच घरी ही कथा सांगून मी मंगळवारी खोटं बोलू?"

श्रीकांतनं कचेरीला दोन पानी उत्तर लिहिलं. निकाल लागेपर्यंत काकांचा भत्ता दोन आठवडे अडकला आणि काकू आम्हाला पाहिलं की कपाळाला हात लावून हसायच्या. शेवटी नारळ हा पगार नव्हे, असा निर्णय झाला. काका खट्टू झाले. त्यांच्या मते टॉवेलचा नीट विचारच झाला नव्हता.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये काकू गेल्या. दुपारी माझ्याशी कुंपणावरून मेथीच्या जुडीबद्दल बोलल्या, आणि संध्याकाळी नव्हत्या. मूलबाळ नाही, भाऊबंद नाहीत. मला रडू आवरेना आणि काकाच मला पाणी आणून देत होते. तेरावा झाला आणि ते फॅक्टरीत परत गेले. क्रॅकरचा सीझन ऐन भरात होता.

डिसेंबरात नेहमीप्रमाणे काम सुटलं. पण फाटकातून "सही करायला चाललोय हो" ऐकू येईना. एक मंगळवार गेला, दुसरा गेला. मला वाटलं, यंदा फॅक्टरीनं ठेवून घेतलं असेल. संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेले तर काकांनी दार उघडलं ते ओव्हरकोट, मफलर आणि कानटोपी घालून. घर इतकं गार की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. हीटर बंद, आणि डब्यात फक्त तांदूळ.

"काका, भत्ता?"

"फॉर्म भरलाय. थोडा राहिलाय."

टेबलावर फॉर्म होता. साताऱ्याच्या वळणाचं सुरेख अक्षर, एकही खाडाखोड नाही. फक्त एका ओळीत चार चौकोन कोरे होते. मॅरीड, सिंगल, विडोड, डिव्होर्स्ड. एवढ्यासाठी माणूस महिनाभर थंडीत बसला होता.

"काका, त्या तिसऱ्यावर खूण करा ना," मी म्हणाले, आणि जीभ चावली.

काका मफलर सारखा करत राहिले. "खोटं लिहायचं नाही, वहिनी. आणि खरं लिहून दिलं की ते सरकारी होतं."

"उद्या मला सुट्टी आहे. मी येते तुमच्याबरोबर," एवढंच मी म्हणाले. ते नाही म्हणाले नाहीत.

सकाळी गेले तर काका सूट घालून दारात तयार होते. पण उंबरा ओलांडेनात. पेनं तपासली. बुटाची नाडी सोडून परत बांधली. मी फाटकात, ते दारात. मग माझं लक्ष गेलं. त्यांचा उजवा हात अर्धवट पुढे होता, पंजा उताणा. त्यांना ते ठाऊकही नसावं.

मी धावत घरी आले. फ्रीजमध्ये दही नव्हतं. विरजण लावायला मी आळशी, हे डिक्लेअर केलेलं बरं. होतं ते मीनलचं, माझ्या मुलीचं, गुलाबी. तेच नेऊन चमचाभर त्यांच्या हातावर घातलं.

काका बराच वेळ तळहाताकडे बघत राहिले. "हे काय आहे?"

"स्ट्रॉबेरी."

"अगं कार्टे," ते म्हणाले. मग चाटलं, तोंड वाकडं केलं आणि उंबरा ओलांडला.

कचेरीत मॉरीन त्यांना पाहून खूश झाली. "यंदा उशीर केलात, डक! एनी चेंजेस?"

दरवर्षी काका लगेच ‘नो चेंज, मॅडम’ म्हणायचे. आज त्यांनी फॉर्म काउंटरवर ठेवला आणि खिशातून पेन काढलं. ते उमटेना. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दुसरं पेन कामाला आलं. काकांनी तिसऱ्या चौकोनात खूण केली. अगदी बारीक, पण नीट चौकोनाच्या आत.

मॉरीननं ती पाहिली. चष्मा काढला. "ओह, डक," एवढंच म्हणाली आणि काउंटरवरून हात पुढे करून त्यांच्या कोटाच्या बाहीवर ठेवला. मागे रांग खोळंबली, पण कोणी कुरकुरलं नाही. मग तिनं नाक पुसलं, चष्मा लावला आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "आणखी काही डिक्लेअर करायचंय?"

काकांनी तळहात उघडून दाखवला. अजून थोडा गुलाबी, चिकट होता.

"येस, मॅडम. वन स्पून योगर्ट. स्ट्रॉबेरी. फ्रॉम माय नेबर."

मॉरीननं माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून तिनं ते सावकाश लिहून घेतलं.