तुपे सरांची अर्धी वाक्यं

तुपे सर वाक्य अर्ध्यात सोडतात. विसरतात म्हणून नव्हे. नीट जपून ठेवतात आणि दोन-चार दिवसांनी पुढच्या शब्दापासून सुरू करतात.

एका सोमवारी कंपनीच्या बसमधून घरी येताना ते मला सांगत होते, "आमच्या साडूच्या लग्नात लई मजा झाली मॅडम. वरात निघाली, बँडवाले रंगात आले, नवरदेव घोड्यावर चढला, तर घोडा—" तेवढ्यात क्रांती चौक आला. तुपे सर उठले, डब्याची पिशवी उचलली आणि उतरून गेले. ते राहतात आमच्याच गल्लीत, पण रोज चौकात उतरून भाजी घेत घेत पायी येतात. मंगळवारी मी विचारलं, "सर, घोड्याचं काय झालं?" तर म्हणाले, "आज त्याचा नंबर नाय." बुधवारी मी रजेवर होते. पोळ्या लाटतानासुद्धा तो घोडा डोळ्यांपुढून हलेना. गुरुवारी सकाळी बसची पायरी चढता चढता, राम राम नाही की काही नाही, तुपे सर म्हणाले, "—खालीच बसला. उठंचना."

मी स्वतः एकदा बोलायला लागले की थांबत नाही. माझ्या सासूबाई म्हणतात, हिला फोन आला की आधी गॅस बंद करावा, दूध उतू जातं. त्यामुळे असा माणूस माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसावा ही देवाची खोडीच म्हणायची.

आमची कंपनी चितेगावला आहे. शेतीचे पंप विकायला जाण्याआधी तपासायचे असतात, त्या तपासणीच्या यंत्राचा प्रोग्राम आम्ही लिहितो. यंत्रावर एका वेळी बारा पंप बसतात आणि सगळ्यांवर नजर ठेवायला एक छोटासा कॉम्प्युटर. त्याला एका वेळी एकच काम जमतं. मग बारा पंप कसे सांभाळायचे? त्यासाठी कोरुटीन नावाचा प्रकार असतो. प्रत्येक पंपाचं काम वेगळं लिहायचं. त्या कामानं थोडं चालायचं, मग आपण होऊन थांबायचं आणि दुसऱ्याला संधी द्यायची. पुन्हा आपली वेळ आली की जिथं थांबलो तिथूनच पुढं. मधलं काही विसरायचं नाही.

तुपे सर या बारा कामांना 'पोरं' म्हणतात. "सातवं पोरगं आज हट्टाला पेटलंय," असं ते म्हणतात, तेव्हा नवीन माणसाला वाटतं, केवढा हा संसार!

मी नवीन होते तेव्हा त्यांनी मला हे सगळं पाण्यावरून समजावलं. आमच्या गल्लीत नळाला पाणी कधी येणार ते पंचांगात बघावं लागेल, इतक्या दिवसांनी येतं. आणि आलं तरी दाब असतो फक्त कोपऱ्यावरच्या तुपे सरांच्या नळाला. तेव्हा सरांनीच नियम केला. त्यांच्या नळाला एक लांब पाइप. ज्याच्या घरी पाइप येईल त्यानं दोन ड्रम भरायचे आणि कुणी सांगायच्या आत पाइप पुढच्या घरी द्यायचा. टाकी अर्धीच भरली? राहू द्या. पाइप फिरून येईल तेव्हा अर्ध्यापासून पुढं.

"इथं पोलीस नाय, शिट्टी नाय," सर म्हणाले. "ज्यानं त्यानं आपला नंबर सोडायचा. एकानं जरी पाइप टाकीत घालून ताणून दिली, तर सगळी गल्ली कोरडी. कळलं का? हेच लिहायचं, फक्त इंग्रजीत."

'नंबर सोडा' हा त्यांचा तारक मंत्र. दुसरा मंत्र म्हणजे, 'थांबलं म्हंजे मेलं नाय.' कोरुटीन एक तर थांबलेलं असतं नाहीतर मेलेलं. थांबलेल्याला हाक मारली की ते उठतं आणि कामाला लागतं. मेलेल्याला हाक मारली तर नुसती एरर येते.

हा प्रकार कंपनीपुरता असता तर ठीक होतं. सर घरीही असेच जगतात. अर्धे पोहे खायचे, बशीवर ताटली झाकायची, जाऊन दोन कुंड्यांना पाणी घालायचं, पेपरचं एक पान वाचायचं, मग येऊन उरलेले पोहे. "यांची दाढी बी दोन हप्त्यांत होती," शकुंतलाकाकू, म्हणजे त्यांच्या मिसेस, मला म्हणाल्या. "एकदा अर्ध्या गालाला फेस लावून बँकेत जाऊन आले."

एका पाण्याच्या दिवशी मी पाइप न्यायला त्यांच्याकडे गेले, तर आतल्या खोलीत टेबलावर बारावीचं केमिस्ट्रीचं पुस्तक उघडं, पालथं ठेवलेलं दिसलं. वर धुळीचा कण नाही. मी सहज सरळ करायला हात लावला.

"ऱ्हाऊ द्या मॅडम!" सर ओरडले. त्यांचा आवाज इतका मोठा असेल असं मला वाटलं नव्हतं. मग खाली बघून पुटपुटले, "कुणाचं तरी थांबलेलं हाय ते."

खरी गोष्ट काकूंनी सांगितली, पाइप ड्रममध्ये धरून. पुस्तक गौरीचं, त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं. सहा वर्षांपूर्वी तिची बारावीची परीक्षा झाली, प्रवेश परीक्षेचा अभ्यास चालू होता आणि एका संध्याकाळी तुपे सर तिला पुढच्या आयुष्याविषयी सांगायला बसले. "तवा हे असे नव्हते गं. नुसता भोंगा होता! चहाला सुरू केलं ते दिवाबत्ती झाली तरी चालूच. इंजिनिअरिंग कर, कॉम्प्युटर घे, पुण्याला जा. पोरगी मधी एकदाच म्हनली, 'अण्णा, मला एक—' तर हात वर केला अन् म्हनले, 'थांब, माझं होऊ दे.' यांचं काय व्हतंय! पोरगी उठली, हातातलं पुस्तक तिथं पालथं ठिवलं अन् न जेवता झोपली. सकाळी गुमान फॉर्मवर सही केली."

गौरी पुण्याला शिकली, तिथंच नोकरीला लागली. भांडण म्हणावं तर नाही. दर रविवारी फोन येतो. "जेवलात?" "जेवलो." "बीपीची गोळी?" "घेतली. घे, आईशी बोल." संपलं. सणाला येते, दोन दिवस स्वयंपाकघरात आईजवळ बसते आणि जाते. त्या खोलीत पाय ठेवत नाही.

तुपे सरांचा जीव अडकला होता तो त्या अर्ध्या वाक्यात. 'अण्णा, मला एक' काय? तिला विचारायची हिंमत नाही, म्हणून सहा वर्षं ते अंदाजानं वाक्य पूर्ण करत होते. एक स्कूटी पाठवली. एक घड्याळ पाठवलं. एक पैठणी, एक शिलाई मशीन, एकदा तर एक हार्मोनियम. प्रत्येक वेळी गौरीचा मेसेज येई, 'मिळालं. थँक्यू अण्णा.' मग सर दोन दिवस गप्प, तिसऱ्या दिवशी मला विचारणार, "मॅडम, तुमाला अठराव्या वर्षी काय एक पायजे होतं?" काकूंचा अंदाज साधा होता, 'एक मुलगा आवडतो.' त्यावर सर म्हणाले, "तो कुरिअरनं कसा पाठवू?"

मग माझ्या हातून एक घोळ झाला. पंप विकत घेणारे पाहुणे यंत्र बघायला आले होते. चहा झाला, सरांनी बटण दाबलं आणि अर्ध्या मिनिटात बाराच्या बारा पंप ठप्प. पडद्यावरचा एकही आकडा हलेना. साहेबांचा चेहरा भाजलेल्या वांग्यासारखा. चूक माझीच होती. पाचव्या पंपाच्या कामात मी लिहिलं होतं, दाब वाढेपर्यंत बघत राहा. मध्ये थांबायला सांगायचंच राहिलं. दाब वाढायला झडप उघडायला हवी, आणि झडप उघडणं हे दुसऱ्याच कामाकडे. माझं काम नंबर सोडेना, त्यामुळे झडपेचा नंबर येईना. दाब वाढेना म्हणून माझं काम थांबेना. ते बिचारं आयुष्यभर बघतच बसलं असतं.

तुपे सरांनी एक ओळ घातली, यंत्र चालू झालं. पाहुणे गेल्यावर मी रडकुंडीला आले होते. मला वाटलं, आता मंत्रपाठ होणार. पण ते खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "मी बी हेच केलं मॅडम. ती व्हय म्हनंल, व्हय म्हनंल, म्हनून दिवा लागंपर्यंत बोलत बसलो. अन् मी गप बसल्याशिवाय ती बोलणार कशी?"

मला एरवी सुचत नाही, पण तेव्हा सुचलं. "सर, मग ते वाक्य थांबलंय की मेलंय?"

"तपासलं नाय."

"एक ओळ लागते तपासायला. तुम्हीच शिकवलंय."

"एरर आली तर?" सर म्हणाले आणि डबा न घेताच बसकडे निघाले. त्यांचा डबा मी घेऊन आले.

पुढचा पाण्याचा दिवस नेमका रविवारी आला. संध्याकाळी पाच वाजता मी माझ्या नंबरची वाट बघत सरांच्या अंगणात उभी होते. सर पाइप धरून होते, हात ओले, म्हणून फोन वाजल्यावर काकूंनी तो स्पीकरवर टाकून कठड्यावर ठेवला.

"जेवलात?"

"जेवलो."

"गोळी?"

"घेतली. घे, आ—" सर थांबले. मी घोड्यापासूनची त्यांची सगळी थांबणी पाहिली आहेत, पण हे तसं नव्हतं. मग म्हणाले, "गौरे. 'अण्णा, मला एक—' पुढं काय? माझं झालं बोलून. आता तुझा नंबर."

ड्रम भरला आणि वाहायला लागला. आमच्या गावात पाणी सांडणं म्हणजे मोठंच पाप. शेजारच्या गच्चीवरून हाक आली, "ओ तुपे! नंबर सोडा की!" सर हलले नाहीत. मी त्यांच्या हातातून पाइप काढून घेतला, शेजारच्यांच्या भिंतीवरून पलीकडे टाकला आणि तोंडावर बोट ठेवून सगळ्या गल्लीला गप्प केलं.

"तुम्हाला आठवतंय ते?" गौरीचा आवाज बारीक झाला होता.

"व्हय."

"अण्णा, मला एक वर्ष थांबायचं होतं. काही करायचं नव्हतं. लई दमले होते. नुसतं घरी थांबायचं होतं."

सरांनी तोंड उघडलं. काकूंनी माझा हात घट्ट धरला, आम्हा दोघींनाही त्या जुन्या भोंग्याची धास्ती होती. पण त्यांनी तोंड मिटलं. ओल्या हातानं डोळे पुसायला गेले आणि चेहरा आणखीच ओला केला. सहा वर्षं ज्याला त्याला 'थांबलं म्हंजे मेलं नाय' सांगत हिंडणारा माणूस, आणि त्याच्या पोरीला तेवढंच हवं होतं. मला त्यांची फार दया आली.

मग त्यांनी विचारलं, "अजून दमलीस का?"

"व्हय."

"मग ये. तुझं पुस्तक तसंच हाय. पान बी तेच."

पलीकडे गौरी हसली की रडली ते आम्हाला कळलं नाही. "अण्णा," ती म्हणाली, "ते मिटून ठेवा आता. त्या पानातलं मला तेव्हाही काही कळलं नव्हतं."

तुपे सर आत गेले. मी दारातून पाहिलं. त्यांनी पुस्तक उचललं, ते पान एकदा वाचलं आणि मिटलं. मग खोलीची खिडकी उघडून ते गादीवर नवीन चादर घालायला लागले, आणि त्या दिवशी ते काम त्यांनी मध्ये कुठंही न थांबता पूर्ण केलं.